रात्रवर्गातला प्राध्यापक

आपल्या खेड्यात एखादे पोर हुशार निघाले, की मास्तर काय आणि आईबाप काय, सगळे एकच आशीर्वाद देतात. "शीक बाबा, आणि इथनं बाहेर पड." या आशीर्वादात माया आहे आणि व्यवहारही आहे. पण त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला असतो. पोरगे शिकले, बाहेर पडले, साहेब झाले. पण मागे राहिलेल्या गावाचे काय? ज्या आळीत ते वाढले, त्या आळीच्या पदरात त्या शिक्षणातले किती पडले? शिक्षण म्हणजे एकेकट्याने चढून जायची शिडी, की सगळ्यांनी मिळून तयार करायचा गाडीरस्ता?

हा प्रश्न विलायतेतल्या एका साहित्याच्या प्राध्यापकाने आयुष्यभर मनात बाळगला. त्यांचे नाव रेमंड विल्यम्स. पुढे केंब्रिजसारख्या मोठ्या विद्यापीठात ते नाटक या विषयाचे प्राध्यापक झाले. पण त्यांच्या विद्वत्तेची खरी मशागत झाली ती संध्याकाळच्या वर्गांत, दिवसभराचे काम आटोपून आलेल्या माणसांसमोर बसून. तीच हकीकत इथे सांगायची आहे.

विल्यम्स यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९२१ चा. गाव वेल्स प्रांताच्या सरहद्दीवरचे, डोंगरांच्या कुशीतले पँडी. आजोबा शेतमजूर. उतारवयात त्यांना राहते घर सोडावे लागले, आणि मग ते रस्त्याच्या कामावर लागले. वडील तेरा-चौदा वर्षांचे असताना शेतावर राबायला गेले, नंतर रेल्वेत पोऱ्या हमाल झाले आणि शेवटी सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरीला लागले. म्हणजे अर्धे घर शेतीतले आणि अर्धे रुळावरचे. आपल्याकडे मनमाड, दौंड, भुसावळ या बाजूला अशी घरे पुष्कळ सापडतील.

१९२६ च्या मे महिन्यात इंग्लंडात फार मोठा संप झाला. खाणमालकांनी मजुरी कापायची ठरवली होती, आणि खाणकामगारांना पाठिंबा म्हणून इतर धंद्यांतले कामगारही बाहेर पडले. हा सार्वत्रिक संप नऊ दिवस चालला. पँडीच्या केबिनमधले विल्यम्स यांचे वडीलही संपात होते. आता पाहा, पँडी काही खाणीचे गाव नव्हे. तिथे आजूबाजूला मेंढ्या, कुरणे आणि शेते. पण त्या रुळांवरून खाणीतला कोळसा जाई, आणि त्या रुळांनीच शेजारचे अनोळखी लोक आपलेच आहेत ही जाणीव गावात आणली. रेमंड त्या वेळी पाच वर्षांचेही नव्हते. पण घरात बोलल्या जाणाऱ्या या गोष्टी त्यांच्या मनात राहिल्या, आणि १९६० साली त्यांची जी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, तिच्यात असाच एक केबिनवाला बाप आणि असाच एक संप आहे.

मुलगा हुशार. शिष्यवृत्ती मिळवून तो जवळच्या एबरगॅव्हनी गावच्या शाळेत गेला आणि १९३९ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. मध्येच महायुद्ध आले. शिक्षण अर्धवट टाकून रणगाडाविरोधी तोफखान्यात जावे लागले. १९४४ साली नॉर्मंडीच्या लढाईत ते होते. युद्ध संपल्यावर परत येऊन त्यांनी पदवी पुरी केली. म्हणजे शिडी तर चढून झाली. आता पुढे काय? १९४६ साली त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बाह्य शिक्षण विभागात शिक्षकाची नोकरी धरली. नोकरी ऑक्सफर्डची, पण काम ऑक्सफर्डात नव्हे. ससेक्स परगण्यात गावोगाव फिरायचे आणि संध्याकाळी मोठ्या माणसांचे वर्ग घ्यायचे. हे काम त्यांनी थोडीथोडकी नाही, पंधरा वर्षे केले.

हे संध्याकाळचे वर्ग काय होते, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडात अॅल्बर्ट मॅन्सब्रिज म्हणून एक गृहस्थ होते. बाप सुतार. स्वतः चौदाव्या वर्षी शाळा सोडलेली, आणि पुढे सहकारी घाऊक भांडारात कारकुनी केलेली. १९०३ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी घरखर्चातले अडीच शिलिंग बाजूला काढून कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी एक संघ काढला. 'वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन' हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. आपण त्याला कामगार शिक्षण संघ म्हणू. हा संघ आजही चालू आहे.

या संघाने विद्यापीठांकडे मागणी केली ती सरळ होती. आमच्या गावात येऊन एखादे व्याख्यान झोडून टाळ्या घेऊन जाणारे पाहुणे आम्हाला नकोत. आमच्याबरोबर वर्षानुवर्षे टिकून शिकवील असा शिक्षक द्या. १९०७ साली ऑक्सफर्डला यावर परिषद भरली आणि १९०८ च्या जानेवारीत पहिले वर्ग सुरू झाले. एक लाँगटनला, जिथे चिनीमातीची भांडी घडवणारे कारागीर राहत. दुसरा रॉचडेलला, कापडगिरण्यांच्या गावात. रॉचडेल हे नाव आपल्या सहकारी सोसायट्यांच्या मंडळींना नवे नाही. १८४४ साली तिथल्याच अठ्ठावीस जणांनी सहकारी दुकान काढले, आणि जगभर सहकाराचे नियम तिथून पसरले. त्या रॉचडेलकरांचा एक नियम मात्र आपण जरा विसरलो. शिलकी नफ्यातले शेकडा अडीच ते शिक्षणासाठी काढून ठेवीत. वाचनालयासाठी, पुस्तकांसाठी. पीठ, लोणी विकणाऱ्या दुकानाने ग्रंथही पुरवायचे, असा त्यांचा बाणा होता. तेव्हा कामगारांचा वर्ग तिथे रुजला यात नवल नाही.

या पहिल्या दोन्ही वर्गांचे शिक्षक एकच. आर. एच. टॉनी. जन्म १८८० साली, आपल्या कलकत्त्याचा. त्यांच्या वर्गाची पद्धत पुढे सगळीकडे लागू झाली. वर्ग तीन वर्षांचा. वर्षाला चोवीस बैठका. बैठक दोन तासांची; पहिला तास शिक्षकाने बोलायचे, दुसरा तास सगळ्यांनी चर्चा करायची. दर पंधरवड्याला प्रत्येकाने निबंध लिहून आणायचा. वर्गात साधारण तीस माणसे, जास्त नाहीत. शेवटी परीक्षा नाही, पदवी नाही, पगारवाढ नाही. कोणता विषय घ्यायचा, हेही वर्गच ठरवणार.

यातला दुसरा तास फार महत्त्वाचा. पहिल्या तासात शिक्षक पुस्तकातले सांगे. दुसऱ्या तासात मागावर बसणारा, भट्टीवर उभा राहणारा माणूस म्हणे, की साहेब, तुमच्या पुस्तकात मजुरीचा दर असा लिहिलाय खरा, पण आमच्या खात्यात तो हातात पडतो असा. आणि शिक्षकाला पुन्हा विचार करणे भाग पडे. टॉनींनी १९१२ साली सोळाव्या शतकातल्या इंग्रज शेतकऱ्यांच्या जमिनी कशा गेल्या यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळ्या मनाने नोंदवले, की विणकर, कुंभार, खाणकामगार आणि इंजिनवाले यांच्याशी झालेल्या वादांतून आपण पुष्कळ शिकलो. विद्वान माणसाने कुंभाराचे ऋण छापील पुस्तकात मान्य करावे, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

विल्यम्स १९४६ साली येऊन मिळाले ते या परंपरेला. ससेक्सचा समुद्रकाठ हा गिरण्याखाणींचा मुलूख नव्हे. त्यांच्या वर्गात कामगार संघटनांची माणसे येत, तशा घरसंसार करणाऱ्या बायका येत, कारकून येत, प्राथमिक शिक्षकही येत. सगळ्यांत समान गोष्ट एवढीच, की शाळा लवकर सुटलेली किंवा अर्धी राहिलेली, आणि जाणून घ्यायची ओढ मात्र शाबूत.

अशा माणसांना साहित्य शिकवायचे म्हणजे काय शिकवायचे? सोपा मार्ग असा, की थोर कवींची यादी घ्यावी, त्यांचे गुण सांगावे, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलवाव्यात. विल्यम्स यांनी तसे केले नाही. ते एक उतारा पुढे ठेवत आणि विचारत: यात काय म्हटले आहे? कोणत्या शब्दाने ते तसे वाटते? खरे वाटते का? उतारा कधी कादंबरीतला असे, तर कधी वर्तमानपत्रातला. जाहिरातीतलाही असे. ज्या डोळ्यांनी कविता वाचायची त्याच डोळ्यांनी जाहिरातही वाचायची. मग साबणाची जाहिरात आपल्याला काय विकते आहे, साबण की मोठेपणा, हे आपोआप कळू लागते. या अनुभवातून त्यांचे 'रीडिंग अँड क्रिटिसिझम' हे पुस्तक १९५० साली निघाले.

याच वर्गांत एका शब्दाची गोष्ट सुरू झाली. १९४८ साली कवी टी. एस. एलियट यांचे संस्कृतीची व्याख्या करू पाहणारे पुस्तक आले. संस्कृती टिकवून धरायची तर समाजात वरचे थर लागतातच, असा त्याचा रोख होता. विल्यम्स यांनी १९४९ च्या सुमारास सीफर्डच्या आपल्या वर्गात हाच शब्द चर्चेला घेतला. इंग्रजीत संस्कृतीला 'कल्चर' म्हणतात. हा शब्द कोठून आला? मुळात तो शेतीतला. कल्चर म्हणजे जमीन कसणे, पिकाची निगा राखणे. आपणही मनाची मशागत म्हणतो, तसेच हे. मग शेतातला हा शब्द शेतकऱ्याच्या हातून सुटून दिवाणखान्यात कधी गेला? विल्यम्स यांनी जुनी पुस्तके धुंडाळून दाखवले, की इंग्लंडात कारखाने वाढले, समाज उलटापालटा झाला, त्याच काळात या शब्दाचा अर्थही बदलत गेला. उद्योग, लोकशाही, वर्ग, कला अशा शब्दांचीही तीच गत. हा सगळा शोध 'कल्चर अँड सोसायटी' या नावाने १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी साठ शब्दांच्या ज्या टिपा त्यांनी काढल्या होत्या, त्या तेव्हा बाजूला राहिल्या. त्या वाढवून १९७६ साली 'कीवर्ड्स' हे वेगळे पुस्तक झाले.

विल्यम्स यांचे म्हणणे थोडक्यात असे. संस्कृती ही चार सुशिक्षितांच्या घरची ठेव नाही. माणसे एकत्र राहतात, राबतात, एकमेकांना धरून चालतात, संघटना बांधतात, त्यात संस्कृती असते; आणि ग्रंथ, चित्रे, संगीत हीही संस्कृतीच. दोन्ही आपली. कामगाराला थोर ग्रंथ कशाला, असे म्हणणारा त्याचा हक्क हिरावतो. आणि कामगाराला संस्कृतीच नाही, आपण ती नेऊन देऊ, असे म्हणणारा त्याचा अपमान करतो. आपण आपल्याकडे 'सुसंस्कृत घराणे' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे कोणते घर येते, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारून पाहावे.

विल्यम्स या कामात एकटे नव्हते. रिचर्ड हॉगार्ट हे लीड्सचे, लहानपणीच पोरके झालेले, आजीने वाढवलेले. तेही १९४६ पासून हल विद्यापीठातर्फे प्रौढांना साहित्य शिकवत होते. कामकरी वस्तीतले बोलणे, देवघेव, बायकांचा संसार, आणि त्यावर नव्या बाजारू मासिकांचा होणारा परिणाम, यावर त्यांनी १९५७ साली 'द यूजेस ऑफ लिटरसी' हे पुस्तक लिहिले. तिसरे ई. पी. टॉमसन. यांचे वडील बंगालात बांकुऱ्याच्या कॉलेजात शिकवत आणि रवींद्रनाथांवर त्यांनी लिहिले होते. मुलाने १९४८ पासून यॉर्कशरच्या कापड गिरण्यांच्या गावांत संध्याकाळचे वर्ग घेतले, आणि १९६३ साली इंग्लंडचा कामगारवर्ग कसा घडला याचा आठशे पानांचा इतिहास लिहिला. ज्या विणकरांची कथा त्यात आहे, त्यांच्या नातवा-पणतवांच्या गावांतच हे शिकवणे चालले होते.

म्हणजे कामगार जीवनाचा अभ्यास हा जो विषय आज विद्यापीठांत मानाने शिकवला जातो, त्याचा जन्म गावच्या शाळेच्या बाकांवर, रात्री, दिव्याखाली झाला. विल्यम्स पुढे आयुष्याच्या अखेरीला हे वारंवार सांगत. लोक म्हणतात, हा विषय अमुक पुस्तकाने सुरू झाला. पण पुस्तके मागाहून आली. त्याआधी कितीतरी शिक्षक असे वर्ग घेत होते, ज्यांनी एक ओळही छापली नाही. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

इथे या गोष्टीतली अवघड जागा येते. १९६१ साली विल्यम्स स्वतः केंब्रिजला अध्यापक म्हणून गेले. १९७४ ते १९८३ ते तिथे प्राध्यापक होते. विषयही त्यांच्यामागोमाग विद्यापीठात गेला. १९६४ साली हॉगार्ट यांनी बर्मिंगहॅमला स्वतंत्र केंद्र काढले. विषयाला प्रतिष्ठा मिळाली, अभ्यासक्रम आले, परीक्षा आल्या. पण एक गोष्ट गेली. विद्यापीठातला विद्यार्थी वर्गातला प्रश्न प्राध्यापकाकडून घेतो. संध्याकाळच्या वर्गातला विद्यार्थी आपला प्रश्न घेऊन येई. तो उठून म्हणे, की तुमचा प्रश्न ठीक आहे, पण तो आमचा प्रश्न नाही. हे म्हणण्याची सोय जिथे नाही, तिथे विषयाचे नाव तेच राहून त्याचा जीव कमी होतो, अशी खंत विल्यम्स यांनी १९८० नंतरच्या आपल्या व्याख्यानांत बोलून दाखवली.

शिडीचा दृष्टांतही त्यांचाच. शिडी ही एकट्याने चढायची वस्तू आहे. तिच्यावर दोघे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. चढणाऱ्याचे भले होते, पण खाली राहिलेल्यांशी त्याची जोड सुटते, आणि वरचे-खालचे हा भेद मात्र अधिक पक्का होतो. सिग्नलवाल्याचा हा मुलगा स्वतः शिडीनेच वर गेला होता. म्हणून त्याच्या या बोलण्याला वजन आहे.

आपले गाव ते विसरले नाहीत. १९७३ साली त्यांनी खेडे आणि शहर या विषयावर 'द कंट्री अँड द सिटी' हा ग्रंथ लिहिला. इंग्रजी कवींनी खेड्याची गोड गोड वर्णने पुष्कळ केली आहेत. हिरवी कुरणे, भरलेली कोठारे, जमीनदाराचा सुंदर वाडा. विल्यम्स त्या कवितांना साधा प्रश्न विचारतात: हे कोठार भरले कोणी? नांगरणारा, कापणी करणारा, मेंढ्या राखणारा माणूस या चित्रात दिसत का नाही? वाडा पाहिला की ते मनात हिशेब करीत, की एवढे दगड रचायला किती माणसांची किती वर्षे लागली असतील, आणि ती माणसे राहत कसल्या घरांत? शेतमजुराच्या नातवालाच सुचावा असा हा प्रश्न. २६ जानेवारी १९८८ रोजी विल्यम्स वारले.

आता हे सारे आपण कशासाठी ऐकायचे? विलायतेचे कौतुक करण्यासाठी खचितच नाही. आपल्याकडे ही वाट त्याही आधी पडली होती. मॅन्सब्रिज यांच्या संघाच्या अठ्ठेचाळीस वर्षे आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी आणि कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि कमवा व शिका हा मंत्र देऊन हाताचे काम शाळेत आणले. मुंबईच्या गिरणगावात वाढलेले नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले, आणि १९६६ सालच्या आपल्या कवितासंग्रहाला त्यांनी नाव दिले 'माझे विद्यापीठ'. कामगाराची वस्ती हेच विद्यापीठ, असे या नावातच आले.

रेडिओनेही एकदा हा दुसरा तास करून पाहिला आहे. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकरी श्रोत्यांची मंडळे बसवली. वीस कार्यक्रम झाले. अर्धा तास ऐकायचे, मग रेडिओ बंद करून चर्चा करायची. गावकऱ्यांच्या शंका केंद्राकडे जात आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. बोलणारा पुण्यात आणि ऐकणारा पारावर, तरी बोलणे दोन्ही बाजूंनी झाले. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण यांच्या नावे मुक्त विद्यापीठ निघाले आणि शाळा सुटलेल्यांना पुन्हा दार उघडले. दार उघडणे ही मोठी गोष्ट खरीच. पण आत गेलेल्याचा प्रश्न कोणी ऐकतो का, हे पाहणे प्रत्येक शिक्षकाच्या हातात राहते.

गुरुजनांना यातून घेण्यासारखे थोडे आहे, पण ते रोजच्या उपयोगाचे आहे. त्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ गावच्या शाळेत दिवा लावावा. वर्तमानपत्रातली एक बातमी, सोसायटीचा छापील अहवाल, बियाण्याच्या पिशवीवरची जाहिरात किंवा एखादी कथा मोठ्याने वाचावी. यात कोण बोलते आहे आणि कोणाचे नाव आलेले नाही, एवढेच विचारावे. मग आपण गप्प बसावे. सुरुवातीला कोणी बोलणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कोपऱ्यातली एखादी म्हातारी म्हणेल, "मास्तर, हे असं नव्हतं, मी सांगते." ती सांगेल ते वहीत उतरून घ्यावे, आणि पुढच्या वेळी तिलाच वाचून दाखवावे. तिच्या नातवाला जरूर बाहेर पडू द्या, जरूर शिकू द्या. पण त्याच्या पुस्तकातले इथे यावे आणि इथले त्याच्या पुस्तकात जावे, एवढी ये-जा मात्र आपण राखली पाहिजे.

पहिला तास आमचा होता, तो संपला. आता दुसरा तास तुमचा.